खोडव्याचे पाचट : कर्ब किती, पाणी किती?



मार्केट यार्डाजवळच्या बिबवेवाडीत आता घरेच घरे आहेत. पण तेथे राहणाऱ्या अनेकांचा ऊस दौंड, बारामती, इंदापूरकडे उभा असतो. तोडणी झाली की पाचट पेटवावे की ठेवावे, हा प्रश्न त्यांनाही चुकत नाही.

पीक उन्हात हवेतील कर्बवायू घेते आणि त्याच पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ सोडते. जमिनीतील जीवाणू मात्र रात्रंदिवस कर्बवायू सोडतात. ही देवघेव मोजण्यासाठी शेतात मनोरा उभारतात. त्यावरील यंत्रे वाऱ्याचा वरखाली वेग, कर्बवायू व बाष्प सेकंदाला १० ते २० वेळा नोंदवितात. पुण्यातील पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काझीरंगाच्या जंगलात असा मनोरा उभारला आहे. पीएच.डी.चे विद्यार्थी अशा नोंदींवर वर्षानुवर्षे काम करतात. मात्र उसाच्या शेतात नुसता मनोऱ्याचा आकडा फसवा ठरतो. कारखान्याला गेलेला ऊस वजा केल्याशिवाय रानात काय उरले ते कळत नाही.

हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. १० टनांत सुमारे ४ टन कर्ब व ४० ते ५० किलो नत्र असते. काडी लावली की कर्बाचा बहुतेक भाग धुरातून जातो, नत्रही जातो. ठेवले तर सगळा कर्ब जमिनीत मुरतो, असेही नाही. कुजताना बराचसा हवेत परततोच, थोडाच सेंद्रिय पदार्थ म्हणून टिकतो. त्यामुळे सगळ्या पाचटाचा कर्ब जमा धरून कोणी पैशाचे गणित मांडले, तर सावध राहावे.

रोकडा फायदा पाण्याचा आहे. खोडवा लहान असताना ऊन थेट जमिनीवर पडते. हेक्टरी १ मि.मी. ओल उडाली, म्हणजे १०,००० लिटर पाणी गेले. आच्छादन ही उधळण रोखते. पुढे पानांनी सरी झाकली की हा फरक कमी होतो.

पाचट सरीत दाबावे, बुडखे मोकळे करून जमिनीलगत छाटावेत. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे संवर्धन शेणखतात मिसळून टाकावे. कुजविणारे जीवाणू आधी नत्र ओढतात, म्हणून युरियात काटकसर नको. निचरा कमी असलेल्या काळ्या रानात पाचटाखाली ओल फार दिवस राहते. तेथे पाळी आली म्हणून पाणी सोडू नये, पाचट बाजूला सारून वाफसा पाहावा आणि मगच दारे धरावे.