कोपनहेगनमध्ये तीन दिवस, खर्च बेताचा

प्रश्न : जूनमध्ये एकटीच कोपनहेगनला तीन दिवस जाणार आहे. खर्च आटोक्यात कसा ठेवावा? – एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : कोपनहेगनमध्ये खिशाला खरा चटका बसतो तो राहण्याचा आणि बाहेरच्या जेवणाचा. वसतिगृहातील सामायिक खोलीतली खाट सर्वांत स्वस्त. मात्र चादर-टॉवेलचे पैसे वेगळे पडतात का, हे आधी पाहावे. स्वयंपाकघर असलेले वसतिगृह निवडल्यास नेटोसारख्या स्वस्त दुकानांतील सामानावर भागते. नळाचे पाणी निर्धास्त पिता येते, त्यामुळे बाटली विकत घेणे व्यर्थच. घरून चकली, चटणी, भाजणी न्यावी. दूध, तूप, पेढे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

विमानतळावरून मेट्रोने पंधरा मिनिटांत शहराच्या मध्यभागी पोहोचता येते. ही मेट्रो रात्रभर धावते, एकट्या प्रवाशाला हा मोठा आधार. क्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्याचा मनोरा आणि इस्लँड्स ब्रुग्गे येथील बंदरातला पोहण्याचा तलाव, दोन्ही विनामूल्य आहेत. जूनमध्ये सतरा तासांहून अधिक उजेड असल्याने पायी भटकंतीला भरपूर वेळ मिळतो.

शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा प्रवास-वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.