भाषाचाचणीच्या संशोधनासाठी निधी मागताना

नाशिकच्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते आणि गेली काही वर्षे दुसऱ्या भाषेच्या चाचण्यांवर काम करते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या तालुक्यांत पुष्कळ मुलांच्या घरी कोकणा, वारली, भिल्ली बोलतात. मराठीशी त्यांची खरी गाठ शाळेत पडते. २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजीही आहे. मराठी ही या मुलांची दुसरी भाषा आहे, पण परीक्षा घेताना आपण ती त्यांची पहिलीच भाषा धरतो. त्यांना मराठी किती येते, हे नीट मोजायचे तर आधी मोजण्याचे साधन तयार करावे लागते आणि त्याला पैसा लागतो. तो मागताना आणि खर्च करताना जे शिकले, ते नव्याने अर्ज करणाऱ्यांच्या हाती ठेवते.

१. ‘भाषाचाचणी’ नावाचे वेगळे खाते शोधत बसू नका.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९पासून प्रकल्पांना अनुदान देते. तिचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या आवारात आहे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत राष्ट्रीय परीक्षण सेवेचे कामही झाले आहे. पण आपला अर्ज बहुतेक वेळा शिक्षण, भाषा किंवा आदिवासी अभ्यास या सदरात जातो आणि तो वाचणारे तज्ज्ञ समाजशास्त्राचे किंवा शिक्षणशास्त्राचे असतात. विश्वसनीयता आणि सप्रमाणता हे शब्द त्यांनी ऐकलेले असतात, पण वाचनाच्या चाचणीत ते नेमके कुठे अडतात हे त्यांना माहीत असेलच असे नाही. अर्ध्या पानात, एका खऱ्या प्रश्नाचे उदाहरण देऊन, ते समजावून सांगा. माझ्या अनुभवात संदर्भांच्या लांबलचक यादीपेक्षा या अर्ध्या पानाचा उपयोग जास्त झाला.

२. आधीच्या मोजमापांचा आदर राखून पुढचा प्रश्न विचारा.

‘असर’ची पाहणी २००५पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना एकेकटे वाचायला लावते: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. एनसीईआरटीने २०२२मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास २० भाषांत केला. ही मोठी कामे आहेत. आपला प्रश्न त्यांच्या पुढचा आहे. परिच्छेदाशी अडखळणाऱ्या मुलाला वाचन येत नाही, की वाचता येते पण ही भाषाच अजून त्याची झालेली नाही? या दोन मुलांना शिकवण्याची रीत वेगवेगळी असावी लागते. निधी कशासाठी हवा, याचे उत्तर या एका प्रश्नात आहे. बोलींच्या माहितीसाठी अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड जरूर पाहा. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्यावर केलेले कामही संदर्भात असायला हवे.

३. पूर्वचाचणीचा खर्च अंदाजपत्रकातून काढू देऊ नका.

सगळ्यांत जास्त मी याच मुद्द्यावर भांडले आहे. अंदाजपत्रक छाटताना पहिली कात्री पूर्वचाचणीवर चालते. ‘चाचणी एकदाच घ्या ना, दोनदा कशाला?’ असे सहज विचारले जाते. त्याचे उत्तर सुरगाणा तालुक्यातल्या एका शाळेत मिळाले. चौथीसाठी भाताच्या आवणीवर सुरेख उतारा केला होता. विषय मुलांच्या जगातला, वाक्ये छोटी, चित्रही छान. मुलांनी भराभर उत्तरे लिहिली, जवळपास सगळी बरोबर. मग दुसऱ्या वर्गात उतारा न देता नुसते प्रश्न दिले. तिथेही उत्तरे बरोबर आली! रोपे कधी उपटतात, चिखलणी आधी की आवणी आधी, हे त्या मुलांना उताऱ्याने सांगण्याची गरजच नव्हती. आईबापांबरोबर ती खाचरात उतरलेली होती. त्या प्रश्नांनी शेतीचे ज्ञान मोजले होते, मराठी वाचन नाही. तोच उतारा नाशिक शहरातल्या शाळेत दिला असता तर निकाल उलटा लागला असता आणि आपण म्हणालो असतो, शहरातली मुले वाचनात मागे आहेत.

पूर्वचाचणी झाली म्हणून हे कळले. नाहीतर तेच प्रश्न शेकडो मुलांना देऊन त्यावर तक्ते काढले असते. म्हणून अंदाजपत्रकात पूर्वचाचणीचा प्रवास, छपाई आणि मानधन वेगळ्या ओळींत दाखवा आणि त्याखाली कारणही लिहा.

४. दुसऱ्या परीक्षकाचे मानधन मागाच.

बोलण्याची चाचणी ध्वनिमुद्रित केली आणि एकट्यानेच गुण दिले, तर ते गुण मुलाचे किती आणि परीक्षकाच्या कानाचे किती, हे सांगता येत नाही. निदान काही ध्वनिमुद्रणे दोघांनी स्वतंत्रपणे ऐकून गुण द्यावेत, मग समोरासमोर बसून फरक तपासावा. आमच्याकडे एक परीक्षक शहरातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या, दुसरे सुरगाण्याचेच शिक्षक. मुलगी स्पष्ट, सलग बोलत होती, फक्त हेल कोकणा होता. बाईंनी उच्चाराचे गुण कापले, गुरुजींनी पूर्ण दिले. दोघेही प्रामाणिक होते. त्या बैठकीत आम्ही ठरवले की हेलाला गुण नाहीत आणि दंडही नाही; ऐकणाऱ्याला अर्थ कळतो का, एवढेच पाहायचे. गुणदानाची पुढची सगळी कसोटी त्या एका दुपारी सुधारली. त्यासाठी दोघांच्या मानधनापलीकडे आणि चहापाण्यापलीकडे काही खर्च आला नाही.

५. परदेशी निधी असेल तर देणाऱ्याला काय हवे ते आधी वाचा.

आयईएल्ट्सच्या भागीदार संस्था, म्हणजे ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज, १९९५पासून संयुक्त संशोधन निधी देत आल्या आहेत. टोफेलची मालक ईटीएसही संशोधनाला मदत करते. त्यांचा रस साहजिकच इंग्रजीत आणि आपापल्या परीक्षेत असतो. नाशिकमधून परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी संभाषणावर काम करायचे असेल तर जरूर अर्ज करा. पेठच्या मुलांच्या मराठीसाठी ते दार नाही. तिथे वेळ घालवू नका.

६. पैशाचे वर्ष आणि मुलांचे वर्ष जुळवून घ्या.

हप्ता हिवाळ्यात आला आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, असे होतेच. पण आश्रमशाळेत चाचणी घ्यायची तर आधी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची परवानगी लागते. नाशिक जिल्ह्यात अशी कार्यालये नाशिक आणि कळवण अशा दोन ठिकाणी आहेत. शाळा कोणत्या प्रकल्पात येते ते आधी पाहा. परवानगीचे पत्र पैसे येण्यापूर्वीच मागून ठेवा. दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबे द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि पटावरची सगळी मुले वर्गात असतीलच असे नाही. जी मुले गेली, त्यांचीच मराठी मोजायची राहिली, तर निष्कर्ष अपुरा राहतो. शक्य असेल तर मुख्य चाचणी दिवाळीच्या आधी उरका.

७. पावत्या पहिल्या दिवसापासून जपा.

उपयोगिता प्रमाणपत्र आणि सनदी लेखापालाची सही असल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. वडापच्या गाडीला पावती नसते. त्यासाठी प्रवासाचे स्वयंघोषणापत्र चालेल का, हे महाविद्यालयाच्या लेखा विभागाला आधीच लेखी विचारून ठेवा.

८. आता मागणी.

२०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. म्हणजे मराठी दुसरी भाषा म्हणून शिकणारी मुले आता सुरगाण्यात आहेत तशीच नाशिक शहरातल्या इंग्रजी शाळांतही आहेत. या दोन्ही मुलांसाठी पायऱ्यांची, तपासून घेतलेली, खुली मराठी चाचणी हवी. राज्य मराठी विकास संस्था, नाशिकचे आदिवासी विकास आयुक्तालय आणि इथलेच मुक्त विद्यापीठ यांनी मिळून अशा संशोधनासाठी दरवर्षी एक लहानसा निधी राखून ठेवावा. रक्कम मोठी नको. पूर्वचाचणी आणि दुसरा परीक्षक एवढे भागले तरी पुरे. आणि महाविद्यालयांत भाषा शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, निधी जाहीर होण्याची वाट न पाहता प्रस्ताव आजच लिहायला घ्या.