मलाजखंडचे मॉलिब्डेनम : वानगी आणि ढीग

धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षे घालविलेल्या व मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या मनुष्याने भूशास्त्रावर लेखणी चालवावी, हे थोडे धाडसाचेच होय. परंतु प्रसंगच तसा घडला. दोन वर्षांपूर्वी नात्यातील एक तरुण बालाघाटकडे तांदळाचा सौदा करून परतला, तो पिशवीत मुठीएवढा पांढरा दगड घेऊन. मलाजखंडच्या वाटेवर तो त्यास मिळाला होता. दगडाच्या एका अंगावर शिशासारख्या झाकेचा रुपेरी पापुद्रा होता. "काका, हे मॉलिब्डेनम आहे. तिकडे टेकडीच्या टेकडी भरली आहे म्हणतात. चार घरांनी मिळून पैसा घातला तर पुढच्या पिढीची ददात मिटेल," असे तो म्हणाला. दोन घरांनी होकारही देऊन ठेवला होता. मी एक महिन्याची मुदत मागितली. त्या महिन्यात व पुढे जे वाचले, जाणत्यांस विचारले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

त्या पापुद्र्याचे नाव मॉलिब्डेनाइट. मॉलिब्डेनम धातू व गंधक यांचे हे संयुग असून वजनाने शंभरांत सुमारे साठ भाग धातू व चाळीस भाग गंधक असते. ते इतके मऊ असते की नखाने ओरखडा उठतो. बोटास तेलकट लागते, कागदावर शिसपेन्सिलीप्रमाणे रेघ उमटते. यामुळे शतकानुशतके लोक त्यास ग्राफाइट किंवा शिसेच समजत आले, आणि नावही ग्रीक भाषेतील शिशाच्या शब्दावरूनच पडले. १७७८ साली शेले या स्वीडिश रसायनज्ञाने हे द्रव्य निराळे असल्याचे दाखविले, व १७८१ साली येल्म याने त्यातून धातू वेगळा केला. ओळखण्याची एक घरगुती खूण अशी, की चिनी मातीच्या चकचकीत बशीवर ग्राफाइटची रेघ काळी येते, तर मॉलिब्डेनाइटची हिरवट. आमच्या दगडाची रेघ हिरवट आली. तेव्हा तरुणाचे अर्धे म्हणणे खरे ठरले.

या धातूस मागणी आहे ती पोलादासाठी. थोड्याशा मिश्रणाने पोलाद उष्णतेत टिकते व गंजास तोंड देते. आपल्या धंद्याशीही त्याचा संबंध आहे, हे मला या निमित्ताने कळले. हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतील नत्र बांधून घेतात, आणि ते काम करणाऱ्या द्रव्यात लोहाबरोबर मॉलिब्डेनम असते. जमिनीत त्याचा अभाव असेल तर डाळवर्गी पीक खुरटते.

आता मलाजखंडाविषयी. बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पुढे, पांढऱ्या गारेच्या दगडाची सुमारे दोन किलोमीटर लांबीची धनुष्याकृती टेकडी होती. तांब्यासाठी तेथे प्राचीन काळी खोदकाम झाल्याच्या खुणा होत्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६९ पासून तेथे पद्धतशीर शोध घेतला व १९८२ साली हिंदुस्थान कॉपरची मोठी उघडी खाण सुरू झाली. भोवतालचा खडक ग्रॅनाइटच्या जातीचा. पृथ्वीच्या पोटातील रस थिजत असता त्यातून सुटलेले ऊन पाणी भेगांतून वर चढले आणि निवता निवता गार, तांब्याचे खनिज व किंचित मॉलिब्डेनाइट मागे ठेवून गेले, असे एका पक्षाचे म्हणणे. उत्पत्तीच्या तपशिलात विद्वानांचे मतभेद आहेत. वय मात्र मॉलिब्डेनाइटनेच सांगितले. त्यात रेनियम नावाचे द्रव्य अल्पांशाने असते व अतिमंद गतीने त्याचे ऑस्मियम होते. या दोहोंचे प्रमाण मोजून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे २४९ कोटी वर्षे हा आकडा आला. आमच्या वह्या शंभर वर्षांच्या झाल्या तरी आम्ही अभिमानाने दाखवितो!

परंतु आहे किती? मलाजखंडच्या खनिजात मॉलिब्डेनमचे प्रमाण शेकडा सुमारे ०.०४ सांगितले जाते. शंभर किलोच्या पोत्यात चाळीस ग्रॅम; जुन्या मापाने साडेतीन तोळ्यांहून थोडे कमी. सर्वसाधारण खडकाच्या मानाने हे सुमारे तीनशे पट होय, म्हणून निसर्गाने कष्ट घेतले नाहीत असे नव्हे. तरी तेवढ्यासाठी कोणी डोंगर फोडणार नाही. तेथे डोंगर फुटला तो शेकडा एकाच्या आसपास असलेल्या तांब्यासाठी. कोंड्यासाठी कोणी भाताची गिरणी घालीत नाही; गिरणी तांदळासाठी चालते आणि कोंडा तेलवाल्याकडे जातो, तसेच हे आहे. दगड बारीक दळून पाण्यात फेस करतात, धातूचे कण फेसाबरोबर वर येतात, आणि पुढे एखादे रसायन घालून तांब्याचा कण बसवतात व मॉलिब्डेनाइट तरंगते ठेवतात. जगातील मॉलिब्डेनमचा मोठा भाग असाच तांब्याच्या मागून येतो.

मग त्या तरुणाचा दगड एवढा भरलेला का दिसावा? याचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटले. मॉलिब्डेनाइट बहुधा खडकाच्या बारीक भेगांच्या अंगावर पातळ थराने बसते. ते मऊ व निसरडे असल्याने घण पडताच दगड फुटतो तो नेमका त्याच भेगेवर. म्हणजे फुटलेला प्रत्येक तुकडा आपले रुपेरी अंगच वर दाखवितो. आतील पांढरी गार कोणास दिसत नाही. पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणा व तळाशी खडे भरावे, तसा हा प्रकार, फक्त येथे भरणारा कोणी लबाड नाही. आम्हीही एकदा मूठभर वानगीवर तांदळाचा मोठा सौदा केला होता. माल उतरविला तेव्हा कणीच कणी निघाली. तेव्हापासून दहा पोती परखी लावून पाहिल्यावाचून मी भाव बोलत नाही.

भूशास्त्रज्ञांची परखी म्हणजे पोकळ हिऱ्याच्या टोकाचा ड्रिल. ठरावीक अंतरांवर भोके पाडून खडकाची लांब कांडी बाहेर काढतात, ती उभी चिरून अर्धी जपून ठेवतात व अर्धी दळून तपासणीस धाडतात. येथे उलटा धोका असतो. भेगेवरचा मऊ थर ड्रिलच्या पाण्याबरोबर धुऊन जाण्याचा संभव असतो. म्हणून कांडी किती अखंड निघाली याची नोंद ठेवावी लागते. हातातला दगड आकडा फुगवितो, निष्काळजी ड्रिल तो घटवितो. अनेक भोकांच्या कांड्या जुळल्यावरच ढिगाचा अंदाज बांधता येतो.

१ एप्रिल २०१० च्या सरकारी हिशेबात सबंध देशात सुमारे १ कोटी ९३ लक्ष टन मॉलिब्डेनमयुक्त खनिज दाखविले होते. त्यापैकी सुमारे १ कोटी टन तामिळनाडूत, ८० लक्ष टन मध्य प्रदेशात व उरलेले कर्नाटकात. एवढ्या डोंगरात मॉलिब्डेनाइट अवघे १२,६०० टनांच्या घरात. शिवाय ते सर्व 'उर्वरित संसाधन' या सदरात. फायद्याने काढता येईल असे सिद्ध झालेल्या साठ्यात नव्हे. आमच्या भाषेत ही येणे बाकी, रोकड नव्हे.

कायद्याची बाजूही पाहिली. २०२३ च्या दुरुस्तीने मॉलिब्डेनमयुक्त खनिजे त्या २४ खनिजांच्या यादीत आली, ज्यांचे पट्टे व परवाने लिलावाने देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. टेकडीवरच्या कोणा मध्यस्थाशी कागद करून ते हाती येत नाहीत.

महिना संपताच चारही घरांस बसवून पोत्याचा व चाळीस ग्रॅमचा हिशेब मांडला. दोन्ही घरांनी होकार मागे घेतला. तरुण काही दिवस रुष्ट होता. हल्ली तो बालाघाटच्या चिन्नोर तांदळाचा व्यवहार पाहतो, आणि दहा पोती परखल्यावाचून भाव बोलत नाही. दगड माझ्या गादीवर कागद दाबण्यास ठेवला आहे. बिलांवर त्याचे करडे डाग पडतात म्हणून मुनीमजी कुरकुरतात.