रक्तातली साखर खाणारा सर्रा



ऐन गळिताच्या हंगामात गाडीचा बैल तापाने बसतो, खंगत जातो, कधी गोल गोल फिरतो नाहीतर भिंतीला डोके टेकून उभा राहतो. असे दिसले की सर्रा रोगाची शंका घ्यावी. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने डेरा इस्माईल खान येथे घोड्या-उंटांच्या रक्तात याचा जंतू शोधला. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे त्याचे नाव. एकाच पेशीचा, वळवळणारा जीव.

आपण साखरेवर जगणारी मंडळी, तेव्हा त्याचा धंदा आपल्याला चटकन कळेल. त्याआधी त्याच्या आफ्रिकेतल्या भाऊबंदाकडे पाहू. ट्रिपॅनोसोमा ब्रुसी तिथे माणसांत निद्रारोग आणि गुरांत नगाना घडवतो. त्याचे संसार दोन. एक जनावराच्या रक्तात, दुसरा त्सेत्से माशीच्या आतड्यात.

रक्तात साखर फुकट आणि सतत मिळते. म्हणून तो ती अर्धीमुर्धीच फोडतो आणि उरलेले पायरुव्हेट बाहेर टाकतो. ग्लुकोजच्या एका रेणूमागे ऊर्जेची दोनच नाणी हाती लागतात. तेच पुरते जाळले तर तीसच्या आसपास मिळाली असती. चुलाणातले चिपाड अर्धे जळताच ओढून फेकावे तसली ही उधळपट्टी! शिवाय गाठीला साठा काही नाही. साखर तुटली की तो टिकत नाही.

माशीच्या पोटात ही चैन संपते. तिथे प्रोलिन नावाचे अमिनो आम्ल मिळते. ती माशी स्वतःही त्याच इंधनावर उडते. ते जाळायला मायटोकाँड्रियाची भट्टी पेटवावी लागते. म्हणून रक्तात गर्दी झाली की काही जंतू वाढ थांबवून आखूड होतात व या तयारीला लागतात. माशीने उचलले तर जगले, नाहीतर तिथेच मेले.

आपल्याकडे त्सेत्से माशी नाही. इव्हान्सीने तर ती भट्टी उभारायला लागणारी जनुकेच गमावली आहेत. तो जन्मभर रक्तातल्या साखरेला बांधलेला. माशीच्या पोटात त्याला वाढायचेच नसते, त्यामुळे कुठलीही चावरी गोमाशी त्याला चालते. एका बैलावरून हाकललेली माशी रक्ताने भरलेल्या सोंडेनिशी लगेच शेजारच्या बैलाला डसली की काम झाले. गाडीतळावर बैल खेटून उभे असतात, हे ध्यानात घ्या. एकच सुई पाच जनावरांना टोचली तरी तेच घडते.

गायीबैलांत हा रोग पुष्कळदा दबून राहतो आणि ओढकामाचा ताण पडला की उफाळतो. ताप चढलेला असतानाच रक्ताची काच तपासून घ्यावी. क्विनापायरामिनसारखी औषधे आहेत, पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

कोणी म्हणेल, जंतू साखर खातो तर बैलाचा गूळ-पेंड बंद करू. तसे मुळीच करू नये. उपाशी बैलाचे शरीरही रक्तात साखर सोडतच राहते, आणि आधी खंगतो तो बैल. साखर फार उतरली असेल तर डॉक्टर औषधाबरोबर ग्लुकोजची बाटली लावतात.