गर्भाशयमुखाचा कर्करोग : महाराष्ट्रात झालेले संशोधन आणि वैद्याचे कर्तव्य



आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या स्त्रीरुग्णांच्या तक्रारींमध्ये श्वेतप्रदर, असृग्दर आणि कटिशूल यांचे प्रमाण मोठे असते. वसई-विरार परिसरातील कोळीवाड्यांतून, वाड्यांतून, तसेच जव्हार-मोखाड्याकडून कामासाठी येथे येऊन राहिलेल्या कुटुंबांतून अनेक स्त्रिया ‘पाणी जाते’ असे संकोचाने सांगत प्रथम वैद्याकडे येतात. हा विश्वास ही आपली मोठी ठेव आहे. तीच मोठी जबाबदारीही आहे. कारण या सामान्य वाटणाऱ्या लक्षणांआड क्वचित गर्भाशयमुखाचा कर्करोग लपलेला असतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. या रोगाच्या निदानाविषयी आणि चिकित्सेविषयी जगाला मार्गदर्शक ठरलेले काही महत्त्वाचे संशोधन आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. त्याचा परिचय करून घेणे व त्यातून आपल्या व्यवहारासाठी बोध घेणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात विंशति योनिव्यापदांचे व असृग्दराचे विवेचन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन असून रक्तार्बुद व मांसार्बुद असाध्य मानले आहेत. आजच्या कर्करोगाचे या व्याधींशी तंतोतंत ऐक्य प्रस्थापित करण्याचा आग्रह धरू नये. तथापि एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील यंत्रविधि अध्यायात योनिव्रणेक्षण यंत्र सांगितले आहे. योनीतील व्रण डोळ्यांनी पाहावा, केवळ अनुमानावर विसंबू नये, हा विचार आपल्या परंपरेतच आहे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रदराच्या रुग्णेत बहुधा ‘प्रश्न’ एवढाच उरतो, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

लवकर निदानाविषयी संशोधन

उस्मानाबाद जिल्ह्यात (आजचा धाराशिव) १९९९ च्या अखेरीस एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. गावांच्या ५२ समूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाचे निरीक्षण आणि चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा अशी योजना होती. तपासणी एकदाच करावयाची होती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणू तपासणीच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले, तर तुलनेच्या गटात ६४. दुसऱ्या किंवा त्यापुढील अवस्थेतील रोग पहिल्या गटात ३९ स्त्रियांत, तर तुलनेच्या गटात ८२ स्त्रियांत आढळला. उर्वरित दोन पद्धतींत एकाच तपासणीने मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

यावरून ॲसेटिक आम्लाची तपासणी निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी, एकंदर चार वेळा, ही तपासणी करवून घेण्यात आली. बारा वर्षांनंतर तपासणीच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसून आले. म्हणजेच साध्या तपासणीचे सामर्थ्य तिच्या पुनरावृत्तीत आहे. या दोन्ही अभ्यासांत तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवले, यावर पुढे नैतिक आक्षेपही घेण्यात आले. ज्या स्त्रियांमुळे हे ज्ञान मिळाले, त्यांचे ऋण आपण स्मरणात ठेवावे.

चिकित्सेविषयी संशोधन

आपल्याकडे हा रोग बहुधा पुढील अवस्थेत उघडकीस येतो. अशा ३-ब अवस्थेतील ८५० स्त्रियांवर टाटा स्मारक रुग्णालयात २००३ ते २०११ या काळात अभ्यास झाला. एका गटास केवळ किरणोपचार, तर दुसऱ्या गटास किरणोपचारासोबत दर आठवड्यास सिस्प्लॅटिन हे औषध देण्यात आले. पाच वर्षांनंतर पहिल्या गटात ४६ टक्के, तर दुसऱ्यात ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. दर शंभर स्त्रियांमागे सुमारे आठ जीव अधिक वाचले. हे फळ स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध अशा औषधाचे होते.

दुसऱ्या अभ्यासात १-ब-२ ते २-ब अवस्थेतील ६३५ स्त्रियांत आधी औषधोपचार व नंतर शस्त्रक्रिया या क्रमाची तुलना औषधासह किरणोपचाराशी करण्यात आली. पाच वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ६९ टक्के, तर किरणोपचाराच्या गटात सुमारे ७७ टक्के होते. ‘पिशवी काढली की रोग गेला’ हा समाजातील समज किती अपुरा आहे, हे यावरून ध्यानी येईल. तिसरा अभ्यास शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार लागणाऱ्या ३०० स्त्रियांचा होता. प्रतिमांच्या साहाय्याने अचूक रोखलेल्या नव्या पद्धतीच्या किरणांमुळे आतड्यांचे दीर्घकालीन त्रास ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. जीव वाचवण्याइतकेच वाचलेले जीवन सुसह्य करणेही चिकित्सेचे प्रयोजन आहे, हा त्याचा अर्थ.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील ५०० स्त्रियांच्या अभ्यासात मुख्य उपचारापूर्वी सहा आठवडे औषधे दिल्याने पाच वर्षे हयात राहण्याचे प्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर गेले. मात्र येथे त्यानंतरचा उपचार शस्त्रक्रिया नसून किरणोपचारच होता, हे विसरू नये.

वनस्पतींविषयीचा एक धडा

कोलकात्यात एचपीव्ही बाधा असलेल्या स्त्रियांवर हरिद्रेतील कर्क्युमिनचा आणि बहुवनस्पतीयुक्त मलमाचा स्थानिक प्रयोग झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मलमाच्या गटात सुमारे ८८ टक्के स्त्रियांची बाधा नाहीशी झाली. हा आकडा ऐकून आनंद होतो. परंतु निष्क्रिय औषध दिलेल्या स्त्रियांतही सुमारे ७३ टक्क्यांची बाधा गेली होती. ही बाधा बहुतेक स्त्रियांत शरीर स्वतःच दूर करते. तुलनेचा गट नसता तर ते सारे श्रेय औषधास मिळाले असते. शिवाय हा प्रयोग विषाणूबाधेवर होता, कर्करोगावर नव्हे. आपल्या अनुभवास शास्त्राचे स्थान मिळवून द्यायचे असेल, तर आपण अशाच काटेकोर नोंदींची सवय लावून घेतली पाहिजे.

एक स्वानुभव

पुष्कळ वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका गावातील, मासळी विकणारी, पन्नाशी उलटलेली स्त्री माझ्याकडे आली. पाळी बंद होऊन चार वर्षे झाली होती, पुन्हा रक्त दिसू लागले होते. मी पुष्यानुग चूर्ण आणि अशोकारिष्ट दिले. पंधरा दिवसांत स्राव कमी झाला. तिने मला सुरमई आणून दिली, मीही समाधान मानले. तीन महिन्यांनी ती दुर्गंधी स्राव व कटिशूल घेऊन परतली, तेव्हा मी प्रथम यंत्र लावून पाहिले. गर्भाशयमुखावर स्पर्श करताच रक्त येणारी वाढ होती. तिने पुढे पूर्ण उपचार घेतले. तथापि ती दोन वर्षांहून अधिक जगली नाही. त्या तीन महिन्यांनी किती अंतर पडले, हे मला सांगता येणार नाही. औषध चुकले नव्हते, पाहणे चुकले होते. तेव्हापासून पाहिल्याशिवाय प्रदराचे औषध द्यायचे नाही, हा नियम मी पाळत आलो आहे.

आपले कर्तव्य

१. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, समागमोत्तर रक्तस्राव, दोन पाळ्यांमधील रक्तस्राव आणि दुर्गंधी स्राव यांत यंत्राने परीक्षण केल्यावाचून चिकित्सा आरंभू नये. स्वतः परीक्षण शक्य नसल्यास त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावात गर्भाशयाच्या अंतःस्तराचा, तर सतत राहणाऱ्या आध्मानात व उदरवृद्धीत बीजकोशाचा कर्करोगही मनात असावा.

२. ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक स्त्रीस, तक्रार नसतानाही, तपासणीचा सल्ला द्यावा. मुलींच्या लसीकरणाविषयी पालकांच्या शंकांचे निरसन करावे. पुण्यात तयार होणारी भारतीय लस २०२३ पासून उपलब्ध आहे.

३. निदान झालेल्या रुग्णेस किरणोपचार सोडू देऊ नये. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे आणि त्यानंतर अंतःकिरणोपचार असा हा क्रम असून तो एकंदर आठ आठवड्यांच्या आत पूर्ण होणे हितकर असते. अतिसाराने क्षीण झालेल्या स्त्रीने विरारहून गर्दीच्या लोकलने रोज परळ गाठायचे, हे सोपे नाही. मुंबईत मुक्कामाची सोय, सोबतीचे माणूस आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व अन्य कागदपत्रे यांची विचारपूस वैद्यानेच करावी.

४. सिस्प्लॅटिन वृक्कांस अपाय करू शकते. त्या काळात भस्मे, रसकल्प वा काढे उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संमतीवाचून देऊ नयेत. अग्निबल पाहून पेज, मुगाचे कढण असा लघु आहार, पुरेसे जलपान आणि धीर देणे, एवढे आपले क्षेत्र मोठे आहे.

५. उपचार संपल्यावर योनिसंकोच, मलमूत्रमार्गातून रक्त येणे, पांडुता यांची चौकशी करावी आणि पाठपुराव्याच्या तारखांची आठवण द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ठरविलेल्या उद्दिष्टानुसार २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि रोग आढळलेल्या ९० टक्के स्त्रियांना उपचार मिळावयाचे आहेत. हे उद्दिष्ट केवळ मोठ्या रुग्णालयांत साध्य होणार नाही. ज्या दारी स्त्री प्रथम आपले दुःख सांगते, तेथेच त्याचा आरंभ आहे. प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयात योनिव्रणेक्षण यंत्र, पुरेसा प्रकाश, पडद्याची सोय आणि रुग्णेसोबत एक स्त्री सहायक एवढी सिद्धता आजच करावी, ही नम्र विनंती.