नियमांआधी शब्दांची यादी

चि. ओंकार यास,


पायथनसाठी मराठी स्टेमरचं, म्हणजे शब्दाचे प्रत्यय काढून मूळ देणाऱ्या प्रोग्रामचं, एक्स्टेन्शन लिहायला घेतलंस हे वहिनींकडून कळलं आणि फार आनंद झाला. मराठीत शोध नीट चालायचा तर हे काम कुणीतरी मनापासून करायलाच हवं.

त्यातल्या सी भाषेच्या भागाची धास्ती घेऊ नकोस. मार्टिन पोर्टर यांची स्नोबॉल ही भाषा याच कामासाठी आहे. तिच्यात नियम लिहिलेस की सी कोड आपोआप तयार होतो. एकच गोष्ट जप. स्टेमरने परत दिलेला शब्द त्याच्याच मेमरीत असतो आणि पुढचा शब्द दिला की पुसला जातो. तेव्हा लगेच त्याची नक्कल करून पायथनची स्ट्रिंग बनव. एक स्टेमर एकाच वेळी दोन थ्रेडना देऊ नकोस.

खरी कसोटी नियमांची. सप्तमीचा ‘त’ सरसकट काढलास तर ‘घरात’ सुटेल, पण ‘शेत’चं ‘शे’ होईल. पोर्टर यांनी १९८० सालच्या लेखात यावर उपाय दिला आहे: मागे पुरेसा शब्द उरत असेल तरच प्रत्यय काढायचा. म्हणून इंग्रजीत ‘रिप्लेसमेंट’चा शेवट गळतो, ‘सिमेंट’चा राहतो. आपल्याकडे सामान्यरूपही सांभाळावं लागतं. ‘देवळात’, ‘पावसात’ यांतून ‘त’ आणि त्याआधीचा ‘आ’ काढला की ‘देवळ’, ‘पावस’ उरतं. ते कोशातले शब्द नाहीत, म्हणून बिघडत नाही. ‘देऊळ’, ‘पाऊस’ यांनाही तिथेच आणायचं, म्हणजे मधल्या ‘ऊ’चा ‘व’ करायचा. शेवटच्या ‘ऊ’ला मात्र हात लावू नकोस, नाहीतर ‘भाऊ’ आणि बाजारातला ‘भाव’ एक होतील. ‘भाऊ’ शोधणाऱ्याला ‘भावाला’ सापडणार नाही, हे खरं. पण माझ्या मते कमी कापलेलं परवडतं, जास्त कापलेलं नाही.

आणखी एक. ‘दुसऱ्या’मधला ऱ् लोक निरनिराळ्या कोडांनी टाइप करतात. डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला दिसत नाही. प्रत्ययांना हात घालण्याआधी सगळे एका रूपात आण. लांबीही अक्षरांत मोज, बाइटांत नको. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं.

आता पुढचा नियम लिहिण्याआधी वर्तमानपत्रातून शब्द उतरवून घे आणि प्रत्येकासमोर तुला हवं ते मूळ हाताने लिही. नियम बदललास की दर वेळी सगळी यादी तपास. ‘शेत’, ‘हात’, ‘रात’ असे फसवे शब्द तिच्यात मुद्दाम घाल. कोड नंतर दाखव, आधी ती यादी मला पाठव.

तुझा,
काका