दोन दिवसांची मुंबई

प्रश्न : मित्र प्रथमच मुंबईला येत आहे. शनिवार-रविवारात त्याला काय दाखवावे?

उत्तर : दोन दिवसांत अख्खी मुंबई उरकायला निघाल्यास निम्मा वेळ टॅक्सीतच जातो. दक्षिण मुंबईपुरते राहणे शहाणपणाचे.

शनिवारी सकाळी गेटवेहून घारापुरीची लाँच धरावी. तासाभराचा प्रवास, मग पायऱ्यांची चढण. मुख्य लेण्यातली त्रिमुखी शिवमूर्ती डोळे अंधाराला सरावल्यावरच नीट उलगडते. तिथे घाई नको. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद राहतात, तेव्हा काळा घोड्याजवळचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हा चांगला पर्याय.

रविवार ओव्हल मैदानासाठी ठेवावा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातले गॉथिक दगडकाम. पश्चिमेला गोलसर गॅलऱ्यांच्या, मुख्यतः १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती. मधल्या मैदानावर एकाच वेळी इतके क्रिकेटचे सामने चालतात की कुणाचा चेंडू कुणाचा क्षेत्ररक्षक अडवतो हे पाहुण्याला उमगत नाही. या साऱ्या परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वाटेत इराण्याकडे बनमस्का-चहा हवाच, पण फोर्टातली बरीच हॉटेले रविवारी बंद असतात. आधी चौकशी करावी.

लोकल दाखवायचीच, तर शनिवारी दुपारी. रविवारी बहुधा मेगाब्लॉक असतो आणि गर्दीच्या वेळी नवख्याला डब्यात चढवणे हा पाहुणचार नव्हे. संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला तिकीट लागत नाही.